तिथि पाळणारी गांठ

गेल्या आषाढांत माझी भाची चार दिवसांसाठीं आमच्याकडे आली होती. तिचें सासर जव्हारचें. तेथून ती साखरशेतच्या शाळेंत शिकवावयास जाते. पावसाळ्यांत त्या डोंगराळ रस्त्यानें भिजत जावें व भिजतच परतावें असा तिचा क्रम असल्यामुळें ती जरा उतरलेली दिसली, तरी मला त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. रात्रीं निजावयाच्या वेळीं मात्र ती पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली पाहिली आणि मीं विचारलें. ती म्हणाली, "कांहीं नाहीं, मावशी. टांक्यांतली गांठ आहे. चार दिवसांनीं आपोआप बसते."

हें उत्तर मला खटकलें. जी गांठ चार दिवसांनीं बसते ती उठते तरी केव्हां? हा प्रश्न मीं तिला तेथेंच विचारला. आणि त्याच प्रश्नांतून आजचा हा लेख निघाला आहे. विषय थोडा संकोचाचा आहे. परंतु या सदराच्या वाचक भगिनींशीं संकोच धरून बोलावयाचें तर सदर चालवावेंच कशाला?

सहा वर्षांपूर्वीं भाचीला पहिलें मूल पोटावरच्या शस्त्रक्रियेनें झालें. बाळबाळंतीण सुखरूप होतीं, व्रण भरून आला, आणि घरांतील सर्वांनीं ती गोष्ट मागें टाकली. दोनएक वर्षांनीं त्या व्रणाच्या डाव्या टोंकाशीं वाटाण्याएवढी गांठ हाताला लागूं लागली; पुढें ती सुपारीएवढी झाली. कोणी म्हणालें, टांक्याचा दोरा आंत राहिला असेल. कोणी म्हणालें, हर्निया असेल. मलम झालें, गोळ्या झाल्या, शेजारच्या आजींनीं सांगितलेला लेपहि झाला. आणि नवल असें, कीं प्रत्येक उपायानें तिला बरें वाटलें! दुखूं लागलें म्हणजे उपाय करावयाचा, आणि चार दिवसांनीं दुखणें थांबलें म्हणजे यश त्या उपायाच्या पदरीं घालावयाचें. दुखणें आपल्याच वेळेनुसार थांबत आहे, ही गोष्ट त्यामुळें चार वर्षें कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं.

माझा प्रश्न घेऊन ती सासरीं परतली. आठ दिवसांनीं तिचा फोन आला. कोडें उलगडलें होतें तिच्या सासूबाईंनीं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराआड 'कालनिर्णय' टांगलेलें असतें. १९७३ सालीं निघालेली ही दिनदर्शिका आपल्यापैकीं बहुतेकींच्या घरीं आहे, आणि तिच्यावर दुधाचे खाडे, गॅसची टांकी लावल्याची तारीख, मोलकरणीची रजा असा सारा संसार टिपलेला असतो. सूनबाई शाळेला रजा घेऊन निजून राहिली कीं सासूबाई त्या चौकोनांत "र" असें अक्षर काढीत. कारण त्या दिवशीं डबा करावयाचा नसे. सूनबाईचा स्वतःचा एक बारीक ठिपका महिन्यांतून एकदां कोपऱ्यांत असेच. सासूबाईंनीं मागची पानें चाळलीं, तों प्रत्येक पानावर ठिपका आणि "र" शेजारीं शेजारीं! त्या म्हणाल्या, "अगं, तुझी गांठ तर तिथि पाळते!"

वैद्यकांत या गांठीला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आंतल्या बाजूस एक मऊ अस्तर असतें. बीजांडकोशांतून येणाऱ्या स्रावांच्या आज्ञेनें तें दर महिन्यास वाढतें, गर्भ राहिला नाहीं तर गळून पडतें, आणि पुन्हां नव्यानें वाढूं लागतें. या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाच्या बाहेर कोठेंतरी रुजला, तर तोहि त्याच आज्ञा ऐकतो. तोहि महिन्यास सुजतो व रक्त टाकतो. गर्भाशयांतील रक्ताला बाहेर पडावयास वाट असते, तशी या परक्या ठिकाणीं रुजलेल्या पेशींना नसते. रक्त तेथेंच सांचतें, भोंवतालचें मांस कठीण होतें, आणि गांठ तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें अपत्यक्षम वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें १० टक्के, म्हणजे जगांतील सुमारें १९ कोटी स्त्रियांना, कोणत्या ना कोणत्या ठिकाणीं हा विकार असतो.

बहुधा तो कमरेच्या हाडांनीं घेरलेल्या पोकळींतच राहतो: बीजांडकोशांवर, गर्भाशयाच्या मागें, आंतड्यांच्या व मूत्राशयाच्या आसपास. पण कांहीं वेळां तो त्या पोकळीबाहेरहि आढळतो. शस्त्रक्रियेनें प्रसूति होतांना गर्भाशय उघडावा लागतो. त्या वेळीं अस्तराचे सूक्ष्म कण पोटाच्या भिंतींत राहून गेले तर व्रणाशेजारीं अशी गांठ होऊं शकते. हें कोणाच्या निष्काळजीपणाचेंच फळ असतें असें समजूं नये. शंभर शस्त्रक्रियांत एकीलाहि होत नाहीं इतकी ती विरळ आहे. तथापि २०१९ ते २०२१ या काळांतील पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील २५.४ टक्के जन्म शस्त्रक्रियेनें झालेले आहेत. चौथा हिस्सा मातांच्या पोटावर व्रण असेल, तर विरळ गोष्टीचीहि ओळख घराघरांत असावयास हवी.

व्रणाखेरीज इतरहि ठिकाणें आहेत. बेंबींत निळसर गांठ होऊन पाळीच्या दिवसांत तिच्यांतून रक्त येतें. कोणाला त्या दिवसांत शौचाच्या वेळीं रक्त पडतें, कोणाला मूत्रांतून. क्वचित् हा विकार श्वासपटलावर वा फुप्फुसाच्या आवरणावर रुजतो. मग पाळी आली कीं एकाएकीं छातींत कळ येते, दम लागतो, आणि तपासतां फुप्फुस, बहुधा उजवें, हवेच्या दाबानें मिटलेलें आढळतें. कोणाला त्याच दिवसांत खोकल्यांतून रक्त येतें. आपल्या देशांत खोकल्यांतून रक्त आलें कीं प्रथम क्षयाचा संशय घ्यावा हें योग्यच आहे, आणि ती तपासणी कधींहि टाळूं नये. परंतु क्षय न सांपडल्यास तारखा डॉक्टरांपुढें ठेवाव्या. सर्वांचींच दुखणीं इतकीं नेमकीं तिथि पाळतात असें नाहीं. कित्येकींना बारा महिने तेरा काळ दुखतें. मात्र जेथें तिथि जुळते, तेथें ती फार मोठी खूण असते.

आतां लेखांतील कठीण भागाकडे वळतें. सासूबाईंनीं गांठीची तिथि ओळखली खरी, पण त्या दिवशीं त्या जेवल्या नाहींत, असें भाचीनें मला मागाहून सांगितलें. त्यांना आपल्या आत्याबाई आठवल्या. आत्याबाईंच्या पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण होता आणि त्याच्याखालीं एक गांठ होती. मोठ्या कुटुंबांतली ती कर्ती बाई. दर महिन्याला दोन दिवस कमरेला पदर घट्ट बांधून सारें करीत असे. पाळी गेली तेव्हां सर्वांना वाटलें, आतां त्रास सुटला. दोन-तीन वर्षें तो सुटलाहि. नंतर गांठ पुन्हां वाढूं लागली, या खेपेस रोजच्या रोज दुखूं लागली, आणि अखेर वरची कातडी फाटली. मुंबईस नेलें तेव्हां कर्करोग जांघेपर्यंत पसरलेला होता. त्या गेल्या.

आत्याबाईंचा कर्करोग त्या जुन्या गांठींतूनच निघाला होता काय? कोणीं सांगावें? गांठीचा तुकडा सुरवातीस कोणीं तपासलाच नाहीं; शेवटीं तपासला, पण त्याचा कागद घरांत कोणी ठेवला नाहीं. म्हणून मी त्यांच्या बाबतींत कांहींच ठरवून सांगत नाहीं. पण असें होऊं शकतें, हें वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिकेंतील ऑल्बनी शहरचे डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनीं १९२५ सालीं अशा कर्करोगाचें वर्णन केलें आणि तो ओळखण्याच्या कसोट्याहि घालून दिल्या: कर्करोग व एंडोमेट्रिऑसिस एकाच ठिकाणीं सांपडावीं, कर्करोग दुसरीकडून तेथें आलेला नसावा, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं त्या पेशींचा सारा घाट गर्भाशयाच्या अस्तराच्या घाटासारखाच दिसावा. १९५३ सालीं स्कॉट यांनीं त्यांत आणखी एक कसोटी घातली: साध्या पेशींपासून कर्करोगाच्या पेशींपर्यंतचा बदल पायरीपायरीनें दिसला पाहिजे. या साऱ्या कसोट्या तुकडा तपासल्यावांचून लावतांच येत नाहींत, हें येथें लक्षांत ठेवावें.

असें किती वेळां होतें? फार क्वचित्. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या शंभर स्त्रियांपैकीं एकीलाहि हा बदल होत नाहीं, असा सामान्य अंदाज आहे. ज्यांना होतो, त्यांतील बहुतेकींना तो बीजांडकोशांत होतो. इतर ठिकाणीं, म्हणजे मोठ्या आंतड्याजवळ, पोटावरच्या व्रणांत किंवा अन्यत्र, तो सुमारें पांचांत एकीला. पोटाच्या व्रणांतील कर्करोगाचीं उदाहरणें तर जगभर मोजकींच नोंदलेलीं आहेत. शस्त्रक्रिया आणि कर्करोग यांमध्यें बहुधा दहा-वीस वर्षें, कित्येकदां त्याहूनहि अधिक काळ गेलेला असतो. तेव्हां व्रणाशीं गांठ लागली म्हणून कोणी रात्रभर जागूं नये, आणि डॉक्टरांनीं प्रसूतीसाठीं शस्त्रक्रिया आवश्यक सांगितली असतां या भीतीनें ती नाकारूं तर मुळींच नये.

पण विरळ रोगाचा एक स्वभाव असतो. तो विरळ म्हणूनच ओळखूं येत नाहीं, आणि उशिरां ओळखला गेला म्हणजे जड जातो. म्हणून मला भगिनींना जी एक गोष्ट सांगावयाची आहे ती ही: गांठ तिथि पाळूं लागली तर तिची ओळख करून घ्या, आणि तिथि पाळणारी गांठ तिथि मोडूं लागली तर एक दिवसहि दवडूं नका. जें दुखणें चार दिवसांनीं थांबत असे तें महिनाभर राहूं लागलें, गांठ थोड्या महिन्यांत भराभर वाढली, वरची कातडी ताणून लाल झाली किंवा फुटून पाणी अथवा रक्त येऊं लागलें, जांघेंत नवी गांठ लागली, काढलेली गांठ पुन्हां उठली, किंवा पाळी जाऊन वर्षें लोटल्यावर निजलेली गांठ जागी झाली, तर ती कर्करोगच आहे असें नव्हे. परंतु तो नाहीं, अशी खात्री डॉक्टरांकडून लगेच करून घेतली पाहिजे. आत्याबाईंची गांठ पाळी गेल्यावर वाढली, हीच त्यांच्या घराला कळावयास हवी होती अशी खूण होती. पाळी गेली म्हणजे या गांठीचें अन्न तुटतें. अन्न तुटल्यावरहि जी वाढते तिच्याकडे दुर्लक्ष करणें बरें नव्हे.

भाचीचें पुढें काय झालें तें सांगतें, कारण त्यांत करावयाच्या गोष्टींचा क्रमहि येतो. जव्हारहून नाशिक सुमारें ८० किलोमीटर. तेथें स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंपुढें सासूबाईंनीं 'कालनिर्णया'चीं बारा पानें मांडलीं. बाईंनीं तपासून प्रथम हर्नियाचा प्रश्न निकालांत काढला. खोकतांना गांठ पुढें येते काय, उताणें निजल्यावर आंत जाते काय, तें पाहिलें. मग सोनोग्राफी झाली. गांठ किती खोल गेली आहे हें समजण्यासाठीं एम्. आर्. आय्. झाला. गोळ्यांनीं दुखणें कमी होतें, पण गांठ जात नाहीं व गोळ्या थांबवल्या कीं दुखणें बहुधा परततें, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. म्हणून भोंवतालच्या निरोगी मांसाची एक किनार ठेवून गांठ सबंध काढली. किनार न ठेवतां काढली तर ती पुन्हां उठण्याची धास्ती असते. काढलेली गांठ पॅथॉलॉजिस्टकडे गेली. दहा दिवसांनीं कागद आला: एंडोमेट्रिऑसिस, कर्करोग नाहीं. सासूबाईंनीं तो कागद देवघराच्या कपाटांत, घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवला. मला तें फार आवडलें.

हा कागद कां जपावा, हें जरा अधिक सांगावयास हवें. पॅथॉलॉजिस्ट काढलेल्या तुकड्याचे अंश मेणाच्या ठोकळ्यांत घालून त्यांचे पातळ काप कांचेवर चढवितात. पुढें कधीं शंका आली तर तेच ठोकळे व त्याच कांचा दुसऱ्या तज्ज्ञाला पाहतां येतात. मुंबईंत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय अशा फेरतपासणीसाठीं प्रसिद्ध आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें गेल्या, आणि त्यांच्या स्मृतीशीं त्या रुग्णालयाचा उगम निगडित आहे. तेव्हां शरीरांतून काढलेली कोणतीहि गांठ, ती कितीहि साधी दिसो, तपासणीस पाठवा असा आग्रह धरावा. अहवालाची प्रत मागून घ्यावी. आणि ती घरांतल्या एखाद्या जबाबदार माणसाला ठाऊक असेल अशा जागीं ठेवावी. आणखी एक. पूर्वीं हा विकार झालेल्या स्त्रीला पाळी गेल्यानंतर कोणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुचवल्या, तर तिनें हा जुना इतिहास आपण होऊन सांगावा. नुसतें इस्ट्रोजेन हें या पेशींचें खाद्य आहे. तें द्यावें कीं नाहीं व कशाच्या जोडीनें द्यावें, हें डॉक्टरांना मग नीट ठरवितां येतें.

येथें लेख संपला असता. पण भाचीनें तो संपूं दिला नाहीं. नाशिकहून परतल्यावर ती शाळेंत गेली, तेव्हां मुलांचें दुपारचें जेवण शिजविणाऱ्या बाईनें विचारलें, "बाई, काय झालतं?" भाचीनें सांगितलें. ती बाई चुलीपुढून उठली, हात पुसले आणि म्हणाली, "माजं बी तसंच हाय." तिच्या घरीं 'कालनिर्णय' नाहीं. ती दिवस मोजते चंद्रावरून आणि आठवड्याच्या बाजारावरून. परंतु दुखणें कोणत्या दिवसांत येतें हें तिला आपल्याइतकेंच अचूक माहीत होतें. तिला इतकेंच ठाऊक नव्हतें, कीं ही माहिती कोणाला सांगण्याजोगी आहे. साखरशेतला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. भाचीनें तिला केंद्रांत नेलें आणि तिची हकीगत तारखांसह एका कागदावर लिहून दिली. म्हणजे पुढें कोठेंहि पाठविलें तरी तिला ती पहिल्यापासून सांगत बसावें लागूं नये. तिची तपासणी अद्याप चालू आहे. भगिनींनो, आपल्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईच्या पोटावरहि असा व्रण असूं शकतो. दर महिन्याला त्याच सुमारास ती दोन दिवस खाडा करते, हें आपल्याला ठाऊक असतें. पगाराच्या हिशेबापुरतेंच तें ठाऊक असावें काय?

आपल्या आज्यापणज्यांच्या काळीं घरांत कोण कोणत्या दिवशीं बाहेरची बसली हें साऱ्या घराला कळत असे. सोवळ्याओवळ्यासाठीं तिथि बिनचूक पाळल्या जात. पण त्या चार दिवसांत तिला काय दुखतें, किती दुखतें, हें विचारण्याची रीत नव्हती. आतां तो निराळें बसण्याचा प्रकार बहुतेक घरांतून गेला, हें उत्तमच झालें. त्याबरोबर एकमेकींच्या दिवसांची माहितीहि गेली, आणि न विचारण्याची रीत मात्र मागें राहिली. सासूबाईंनीं आत्याबाईंची हकीगत आपल्या सुनेला सहा वर्षांत एकदांहि सांगितली नव्हती. कां, असें भाचीनें विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "असल्या गोष्टी सांगतात का गं?" आणि थोड्या वेळानें आपणच म्हणाल्या, "सांगायला हव्या होत्या."

तेव्हां या महिन्यापासून प्रत्येकीनें एवढें करावें. दिनदर्शिकेवर पाळीचा ठिपका असतोच. कोठें दुखलें, किती दिवस दुखलें, गांठ लागली असल्यास ती केवढी वाटली, हें त्याच्या शेजारीं दोन अक्षरांत टिपावें. वर्षाचीं बारा पानें झालीं म्हणजे रद्दींत घालूं नयेत. आणि ज्या घरांत वडील स्त्रिया आहेत, त्या घरांतील सुनामुलींनीं एखाद्या निवांत दुपारीं त्यांच्याजवळ बसून आपल्या माहेरच्या व सासरच्या बायका कशाकशानें गेल्या हें विचारून घ्यावें. पाळी गेलेल्या भगिनींनींहि आपल्या जुन्या व्रणावरून महिन्यांतून एकदां हात फिरवून पाहावा. भाचीच्या सासूबाईंनीं नव्या वर्षाचें 'कालनिर्णय' आणलें आहे आणि त्यावर आतां दोघींचे ठिपके आहेत. सुनेचा पाळीचा, आणि सासूबाईंचा स्वतःच्या व्रणाची तपासणी केल्याचा.